तलवार घासू नका, बॉस!

वाशीम म्हटलं की मुंबई-पुण्यातल्या दहापैकी आठ जणांना 'वाशी' ऐकू येतं. "म्हणजे नवी मुंबईत ना? हार्बर लाइन?" उरलेल्या दोघांपैकी एकाचं आजोळ विदर्भात असतं आणि दुसरा स्पर्धा परीक्षेवाला असतो. त्याला वत्सगुल्म पाठ असतं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची सोळा नंबरची लेणी ज्या वराहदेवाने कोरवून घेतली, तो याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री. आपण अजिंठ्याला जाऊन दोनशे फोटो काढतो आणि ज्या गावच्या दरबारातल्या माणसाने ते घडवलं, त्या गावाचं नाव आपल्याला धड ऐकूही येत नाही. असो.

हा लेख वाकाटकांवर नाही. एका तलवारीवर आहे. खरं तर दोन. एक लंडनहून परत आलेली, सोन्याने नाव कोरलेली, पेपरात फोटो छापून आलेली. दुसरी रिसोड तालुक्यातल्या एका धाब्याच्या घरात, देवघराच्या वरच्या फळीवर, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली.

दुसरीपासून सुरुवात करू, कारण वाशीमला जायचं कारण तीच. आमच्या ऑफिसात टेस्टिंगमध्ये एक मित्र आहे. मूळचा रिसोडकडचा, गावात मोठं कुटुंब, सोयाबीन, थोडी तूर. त्याच्या चुलतभावाचं लग्न ठरलं. त्यांच्या घरात नवरदेवाच्या हातात कट्यार नाही, तलवार द्यायची रीत. टोकाला लिंबू टोचून. चुलतभाऊ पुण्यात बीपीओत दोन वर्षं काढून आलेला, एकदम हौशी. त्याला ती तलवार चमकायला हवी होती. "फुल्ल क्रोम लुक!" तालुक्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याशी बोलणंही झालं होतं: बफिंग व्हील मारायचं, वर निकेलचं प्लेटिंग. पाचशे रुपयांत काम. मित्राने मला तलवारीचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "थांबव यार त्याला कुणीतरी." मला जुन्या शस्त्रांचं थोडं वेड आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत. लॉन्ग वीकेण्ड होताच. निघालो.

रस्ता मस्त आहे, हे आधी सांगून टाकतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि जून २०२५मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा जोडला गेला. त्यामुळे मुंबईहून पहाटे निघालात तर दुपारचं जेवण वऱ्हाडात. वाटेत सिंदखेड राजा लागतं, लखुजी जाधवांचा वाडा, जिजाबाईंचं जन्मस्थान. तासभर थांबाच. पुढे मालेगाव. (नाशिकचं नाही, हे दुसरं. या जिल्ह्याचं नावांच्या बाबतीत नशीबच खराब.) तिथून महामार्ग सोडला की दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या कापणीने पिवळट झालेली शेतं आणि मध्येच काळीभोर जमीन. दसऱ्याच्या आसपास गेलात तर मळणी यंत्रांचा धुरळा अंगावर घ्यायची तयारी ठेवा.

आणि दसराच गाठा. कारण आदल्या दिवशी खंडेनवमी असते. आपण ऑफिसात काय करतो? मॉनिटरला झेंडूचा हार, माऊसवर हळदकुंकू, अ‍ॅडमिनवाल्यांनी आणलेले पेढे, चार वाजता घरी. इथे शेतकरी विळे, कोयते, वखराची पास, ट्रॅक्टर, सगळं धुऊन-पुसून मांडतो. ज्यांच्या घरात जुनी शस्त्रं आहेत, त्या घरांत वर्षातून त्या एका दिवशी ती फळीवरून खाली येतात. आणि खरी गंमत, म्हणजे खरी भीती, इथेच आहे. जुन्या तलवारी गंजून जेवढ्या गेल्या नसतील, तेवढ्या प्रेमाने घासून गेल्यात.

कसं ते सांगतो. पूजा म्हणून ओली हळद, ओलं कुंकू पात्यावर. ते तसंच ठेवून तलवार म्यानात. पुढच्या वर्षी काढतात तेव्हा त्या बोटांच्या जागी गंजाचे ठिपके. मग ते घालवायला चिंच, राख, लिंबू, वाळू. गेल्या तीस-चाळीस वर्षांत पॉलिश पेपर. आता अँगल ग्राइंडर! दर वर्षी पातं थोडं पातळ होत जातं, कडा गोल होतात, आणि त्यावर काही नक्षी असेल तर ती पहिली जाते. घरातलं कुणीही वाईट नसतं हो यात. उलट, जेवढी श्रद्धा जास्त तेवढं घासणं जास्त.

मित्राच्या घरी ही गोष्ट समजलेला एकच माणूस होता: त्याचे मोठेबाबा. म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं कमी. पुतण्याची क्रोम लुकची आयडिया ऐकून ते एवढंच म्हणाले होते, "काऊन बा, आरसा पाह्याचा हाय का तिच्यात?"

तलवार धोतरातून बाहेर आली. आता अशा वेळी आपली अपेक्षा असते सिनेमासारखी. झगमग, खणखणीत आवाज वगैरे. हातात आली ती एक तपकिरी, जड, जरा वाकडी पट्टी. पातं वक्र, एकधारी. मूठ लोखंडाची, वर थाळीसारखी चकती, उत्तर हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत सर्रास दिसणारी. परज एका बाजूला किंचित वाकलेली. मूठ हलत होती, खुळखुळ्यासारखी. आणि टोकाकडे दोन बोटं लांबीचा काळा डाग.

"हा डाग तर काढावाच लागेल ना?" चुलतभावाने विचारलं. त्या डागाकडे परत येऊ.

दुसऱ्या दिवशी तलवार पोत्यात बांधून वाशीमला नेली, शिकलगार चाचांकडे. (निघायच्या आधी मोठेबाबांनी ठाणेदारांच्या कानावर घातलं होतं. तुम्हीही घाला. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची हत्यारं १९५९च्या शस्त्र कायद्याच्या यादीत येतात, आणि कुठे काय नियम लागू आहे ते आपल्या पोलीस ठाण्यातच कळतं. ट्रेनमधून तर अजिबात न्यायची नाही.)

शिकलगार. हा शब्द तुम्ही आडनाव म्हणून ऐकला असेल. मूळ अरबी 'सैकल', म्हणजे घासून लकाकी आणणं. त्यावरून शिकल, आणि ती करणारा तो शिकलगार. महाराष्ट्रात शिकलगार मुसलमान आहेत, शीख शिकलगारही आहेत. शीख शिकलगार नांदेडमध्ये बरेच. तुमच्या सोसायटीच्या गेटबाहेर सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत कैचीला धार लावणारा माणूस आठवतोय? फुलबाजीसारख्या ठिणग्या? त्या कामाचे पूर्वज सैन्याबरोबर फिरायचे. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदुस्थानी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, तेव्हा या लोकांच्या हातातलं कामही गेलं. राहिले विळे, अडकित्ते, कुलपं, किल्ल्या.

चाचांच्या दुकानातही तेच. कापणीचा सीझन, त्यामुळे विळ्यांचा ढीग. एका बाजूला विजेचं ग्राइंडर. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी सान, लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेलं चाक, त्यांच्या वडिलांचं. तलवार बघून चाचांनी पहिलं काम काय केलं असेल? ग्राइंडरचा प्लग काढला. "पोरगं चुकून चालू करंल," म्हणाले.

मग त्यांनी पातं उन्हात धरून तिरकं केलं. एकदा, दोनदा. दहा मिनिटं नुसतं बघणं. आपण लॅपटॉप रिपेअरला दिला तर तो माणूस पहिल्या मिनिटात स्क्रू काढायला लागतो. इथे दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.

गंज दोन प्रकारचा असतो, ही अक्कल मला तिथे प्रत्यक्ष बघून आली. भगवा, भुसभुशीत, बोटाला लागणारा, तो जिवंत गंज. लोखंड खातोय. आणि काळपट-तपकिरी, घट्ट, गुळगुळीत, तो जुना, बसलेला थर. तो खालच्या लोखंडाचं रक्षणच करतो. पहिला काढायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. बस. सगळ्या जगातले म्युझियमवाले याच एका वाक्यावर पगार घेतात म्हटलं तरी चालेल.

काढायचा कसा? चाचांनी शिवणमशीनचं पातळ तेल पात्यावर लावलं आणि आम्हाला चहाला पाठवलं. तासाभराने तांब्याचं जुनं नाणं घेतलं आणि त्याच्या कडेने भगवे ठिपके हलकेच खरवडायला सुरुवात केली. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो, पात्याला ओरखडा पडत नाही. कोपऱ्यांना बांबूची काडी. फडकं, पुन्हा तेल, पुन्हा नाणं. अडीच तास झाले आणि वीतभर पातं झालं. चुलतभाऊ मोबाइलवर तीन वेळा क्रिकेटचा स्कोर बघून आला. खोबरेल तेल का नाही, असं मी विचारलं, कारण आमच्याकडे सगळ्याला खोबरेल. तर ते काही महिन्यांनी चिकट होतं, धूळ धरतं. मशीनचं तेल तसं नाही.

आणि मग परजेजवळ, मूठ सुरू होते तिथे, एक पिवळी रेघ दिसली. केसाएवढी. चाचांनी नाणं खाली ठेवलं.

कोफ्तगरी होती ती. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करायचा, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची. सोनं आत रुतलेलं नसतं, वर धरून बसलेलं असतं. त्यामुळे जाडी जवळपास शून्य. (खोल खाच खोदून भरतात त्याला तहनिशान म्हणतात, ते जास्त टिकतं.) वेल होती एक. पानं, मध्ये एक फूल, पुन्हा पानं... आणि मग एकदम काही नाही. एका बाजूला वेल, दुसऱ्या बाजूला तेवढीच जागा सपाट, पुसट रेघांची. तिथेही वेल असणार. कुणीतरी, कधीतरी, एखाद्या खंडेनवमीला, मनापासून घासून काढली.

"बफिंग मारलं असतं तर?" मी विचारलं.

"अर्ध्या मिनिटात गेलं असतं," चाचा म्हणाले. चुलतभावाने मोबाइल खिशात ठेवला.

आता पहिल्या तलवारीकडे येतो. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले, पहिले. छत्रपती शाहूंचे सेनासाहेबसुभा. बंगाल, ओडिशापर्यंत धडक मारलेला माणूस, १७५५मध्ये वारला. त्यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार २९ एप्रिल २०२५ला लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्ट २०२५मध्ये ती मुंबईत पोचली. वाघनखं २०२४मध्ये साताऱ्याला आली होती, पण ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून उसनी. ही आपल्या मालकीची. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांच्या खजिन्यातून बऱ्याच गोष्टी इंग्रजांकडे गेल्या, त्यातच हीही गेली असावी असा अभ्यासकांचा कयास आहे.

ही तलवार 'फिरंग' प्रकारची. पातं सरळ, एकधारी, युरोपात बनवलेलं. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीकडे सोन्याने देवनागरीत लिहिलंय: श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिबसुभा फिरंग. मराठा तलवारींवर अशी नक्षी आणि असं नाव सहसा सापडत नाही, म्हणून तिचं एवढं कौतुक. विचार करा, अडीचशेहून जास्त वर्षांत एखाद्या भक्त माणसाने दर दसऱ्याला ती चिंच लावून लख्ख केली असती, तर? पातं राहिलं असतं. नाव गेलं असतं. आणि नाव नसलेलं फिरंगी पातं कुणाचं, हे सांगायला रघूजी थोडेच येणार होते.

या तलवारीचा वाशीमशी संबंध आहे, ओढूनताणून नाही. रघूजींना चार मुलगे, जानोजी, साबाजी, मुधोजी, बिंबाजी. साबाजींचा दिवाण भवानी काळू. मंगरूळ भागातल्या एका गावचा पटवारी, तिथून थेट दिवाणपदापर्यंत गेला. काय करियर ग्राफ! याच भवानी काळूने वाशीमचं बालाजी मंदिर बांधलं, ते १७७९च्या सुमारास पुरं झालं. शेजारी देवतळं. संध्याकाळी दगडी खांबांच्या मंडपात बसा, गर्दी नसते. त्याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १७६९मध्ये थोरले माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्यात भोसल्यांनी पेशव्यांना दर वर्षी पाच हजार रुपयांचं कापड द्यायचं असं एक कलम होतं, वाशीम आणि बाळापूरचं कापड. तलवारीवाल्यांचा तह आणि कलम लुगड्या-धोतरांचं! वाशीमचं विणकाम तेव्हा एवढं नावाजलेलं होतं. कारंजा त्याहून श्रीमंत. इतकं, की १६७०मध्ये शिवाजी महाराजांनी वऱ्हाडात शिरून कारंजा लुटलं. म्हणजे आज 'मागास' म्हणून ज्या जिल्ह्याचं नाव सरकारी यादीत वाचतो, तिथे एकेकाळी मराठी तलवारी आल्या त्या पैशाच्या वासाने.

बरं, फिरंगीकडून एक शिकण्यासारखं आहे, आणि ते 'जुनं तसंच ठेवा'वाल्यांना जरा अडचणीचं आहे. पातं युरोपातलं, मूठ इथली. म्हणजे पोर्तुगिजांच्या वगैरे जहाजातून पातं आलं, कुणीतरी त्याची मूळ मूठ काढून टाकली आणि आपल्या हाताला बसेल अशी नवी बसवली. आजचा क्युरेटर किंचाळला असता! पण ती तोडमोड हीच आता परंपरा आहे. जुनी शस्त्रं एकसंध अशी क्वचितच असतात. पातं आजोबांचं, मूठ बापाची, म्यान बाजारातून आणलेलं. मोडली की दुरुस्त करायची, हे तेव्हाचं साधं गणित होतं, कारण उद्या तिच्यावर जीव अवलंबून होता. आज आपल्यातल्या कुणाचा जीव तिच्यावर अवलंबून नाही. त्यामुळे पूर्वी शिकलगार दर मोहिमेनंतर पातं सानेवर धरायचा, म्हणून आपणही धरायचं, हे मला पटत नाही. चाचांनाही पटलं नाही, आणि सान त्यांच्या घरची आहे.

मग हलणाऱ्या मुठीचं काय? तिथे मात्र चाचांनी अजिबात वेळ घालवला नाही. चुलतभाऊ म्हणाला, "ॲरल्डाइट टाका ना, पक्कं होईल." पक्कं होईल हेच तर दुखणं. अशा मुठीच्या आत पोकळी असते. पात्याचा निमुळता शेवट तिच्यात जातो आणि लाख, राळ यांत विटेची पूड वगैरे मिसळून ती पोकळी भरतात. गरम करून ओतायचं, थंड झालं की दगड. शंभर वर्षांनी पुन्हा ढिलं झालं तर पुन्हा गरम करा, निघतं. ॲरल्डाइट निघत नाही. निघालं तर लोखंड घेऊन निघतं. चाचांनी मुठीतली सुटलेली जुनी भर काढली, ती एका कागदात बांधून मोठेबाबांच्या हातात दिली ("तुमची हाय, ठेवा"), नवी लाख वितळवून भरली. पात्याला आच लागू दिली नाही. आच लागली की पोलादाचं पाणी उतरतं, आणि ते परत चढवणारे हात आता सापडणं कठीण.

वाकलेली परज सरळ केली नाही. "तडकंल," म्हणाले. "आणि ती वाकली कशानं, ते तुमाले माहीत हाय का?" कुणालाच माहीत नव्हतं.

इथे जरा लांबचं उदाहरण देतो. फिलिपाइन्सच्या दक्षिणेला मिंदानाव आणि सुलू बेटांवर मोरो मुसलमान राहतात. त्यांची क्रिस, बारोंग, काम्पिलान ही पाती जगभरच्या संग्राहकांमध्ये फेमस. क्रिस कधी नागमोडी, कधी सरळ. बारोंगची मूठ काकाकुव्याच्या डोक्यासारखी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेने तिथे लढाया केल्या आणि सैनिकांनी ही हत्यारं आठवण म्हणून घरी नेली. पुढे नातवंडांना ती माळ्यावर सापडली. आणि नातवंडांनी काय केलं? बरोब्बर. घासली. लोखंड-पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेल्या पात्याची नक्षी त्यात गेली. पात्याला मुठीशी जखडणाऱ्या धातूच्या पट्ट्या पडल्या, हरवल्या, त्या जागी स्क्रू आले. आज तिथल्या जाणत्या लोकांचं म्हणणं आपल्या चाचांसारखंच आहे. जिवंत गंज काढा, उरलेलं राहू द्या, आणि जे कराल ते उद्या उलटवता आलं पाहिजे. आंबट फळाचा रस लावून थरांची नक्षी उठवायची त्यांची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे पोलादातला जौहर, म्हणजे पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, दिसावी म्हणून हिराकस लावत. वाशीमहून हिंगोली, नांदेड करत तेलंगणात उतरलात की निर्मळ-निजामाबादचा पट्टा लागतो. तिथल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतलं मुशीतलं पोलाद इराणपर्यंत जायचं. मित्राच्या तलवारीत जौहर आहे का? चाचांनी बघायचा प्रयत्नही केला नाही. हिराकस लावून बघणं म्हणजे आम्लाने पातं खाणंच, थोडंसं का होईना.

आणि म्युझियमच्या काचेत ठेवणं हाच आदर, असंही नाही. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये दिवाळीच्या आधी 'तख्त स्नान' होतं. गोदावरीचं पाणी आणून तख्त धुतात आणि शस्त्रंही साफ होतात. ती शस्त्रं तिथल्या लोकांसाठी 'अँटिक पीस' नाहीत. वाशीमहून नांदेड गाडीने काही तासांवर आहे. एक दिवस काढा, शस्त्रांबद्दलचं आपलं शहरी ज्ञान जरा सैल होतं.

तर तो काळा डाग. टोकाकडचा, दोन बोटं लांबीचा. चाचांनी त्यावर तेलाचं फडकं फिरवलं आणि सोडून दिलं. चुलतभावाने पुन्हा विचारलं. उत्तर मोठेबाबांनी दिलं, तेही रात्री, घरी, ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढ्यात असताना. लिंबवाचा डाग हाय तो. घरातल्या प्रत्येक लग्नात टोकाला लिंबू टोचलं, वरात संपेपर्यंत ते तसंच. लिंबाच्या रसाने पोलाद काळं पडतं. मोठेबाबांचं लग्न, मित्राच्या वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं. सगळी लग्नं त्या दोन बोटांत.

आता पेच बघा. डाग ठेवायचा, कारण ती घरची आठवण. पण आणखी एक लिंबू टोचायचं की नाही? टोचलं तर पातं अजून खाल्लं जाणार. नाही टोचलं तर परंपरा मोडली. चुलतभाऊ, ज्याला चार दिवसांपूर्वी क्रोम हवं होतं, तो आता म्हणायला लागला की लिंबू नकोच. बायकांनी एकच गिल्ला केला. लिंबवाशिवाय नवरदेव? नजर लागली म्हणजे? शेवटी आजी, मोठेबाबांची आई, नव्वदीच्या घरातली, बाजेवरून बोलली. "लिंबू पाह्यजे. पण टोचलंच पाह्यजे असं कोनं सांगतलं? मुठीले बांधा."

तुळशीच्या लग्नानंतर वरात निघाली. मित्राने फोटो पाठवला. घोड्यावर चुलतभाऊ, गॉगल अर्थातच आहे, हातात तपकिरी तलवार, उन्हात परजेजवळ वेलीचा बारीकसा पिवळा ठिपका, आणि मुठीला लाल दोऱ्याने बांधलेलं लिंबू. फोटोखाली कुणीतरी कॉमेंट टाकलीय, 'भाई तलवार धुतली नाही का?'

तुमच्याही घरी अशी एखादी असेल, तर थोडक्यात सांगतो. हात लावताना सुती हातमोजे घाला, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. म्यानात कायमची ठेवू नका, चामडं आणि लाकूड ओल धरतात. म्यान वेगळं, पातं वेगळं, कोरड्या सुती कापडात, आणि नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जवळ. पूजेला हळदकुंकू हवंच, पण पात्याऐवजी मुठीखाली ठेवलेल्या पानावर वाहा, किंवा वाहिलंत तर त्याच दिवशी पुसून तेलाचा हात द्या. नक्षी किंवा अक्षरं दिसली तर थांबा आणि आधी फोटो काढा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येतं. विकायचा विचार असेल तर एवढं लक्षात असू द्या, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे.

आणि शस्त्रं नुसती बघायचीच असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहेच. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३पासूनचा अजब बंगला, वाशीमच्या ट्रिपला जोडून होतो. रेल्वेने जायचं तर अकोला गाठा. तिथून वाशीम साधारण ऐंशी किलोमीटर, अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर एसटी. लोणारचं सरोवर रिसोडहून जवळ आहे, ते सकाळी लवकर करा. वाशीममध्ये पोहे मागितलेत तर तर्री वेगळी मागा, आपोआप येते असं नाही. आणि बाजारात शिकलगार दिसला तर घरची बोथट कैची जरूर घेऊन जा. कापणीच्या दिवसांत मात्र विळ्यांच्या रांगेत तुमचा नंबर शेवटचा.